शालीकरामची दोन तोंडं

कुडव्याच्या शालीकरामला गोंदियात सगळे 'जुन्या गाडीवाला' म्हणत. गाडी म्हणजे सायकल. स्टेशन मोठं, रेल्वेच्या बाबूंच्या बदल्या सारख्या होत, आणि बदली झाली की बोचक्यांआधी सायकल विकायला निघे. शालीकराम ती घेई, ओसरीत उलटी करून घासूनपुसून काळा रंग मारी आणि बाजाराच्या दिवशी स्टेशनाबाहेरच्या चिंचेखाली उभी करी. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. जंगलपट्टीतल्या गावांत सायकल आली की लोक हातातलं काम टाकून बघायला येत.

माणूस गोड बोलायचा. घेताना दोष सांगायचे आणि विकताना गुण, यात काही चुकतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. सगळेच तसं करत.

मालगोदामातले कारकून गुलाबचंद तापानं वारले. काही महिन्यांनी त्यांच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, शालीकरामला बोलावणं धाडलं. ती आता बाजारामागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहत होती. भिंतीला टेकून सायकल उभी होती, वर धुतलेलं धोतर पांघरलेलं. बाईनं आधी चहा दिला. म्हणाली, "हे तुमचं नाव घेत होते. शालीकराम माणूस चांगला आहे म्हणायचे."

शालीकरामनं चहा घेतला, धोतर बाजूला केलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली. "चाक डुलून राहिलं जी, बाई. चेन सैल झाली. सीटचं चामडं तं गेलंच समजा. आता असली गाडी कोन घेते?"

गाडी खरं तर उत्तम होती. गुलाबचंदांनी ती देवघरातल्या भांड्यांसारखी ठेवली होती.

बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगाल ते बरोबर. घेऊन जा."

तिनं भाव केलाच नाही. शालीकराम सायकल घेऊन गल्लीबाहेर पडला तो मनात खूश होऊन.

पुढच्या बाजाराला सालेकश्याकडचा झामसिंग आला. जंगलात लाकूडतोडीवर जाणारा, बोलायला मोकळा माणूस. बायको मंगली हिचे पाय सुजायचे, तिला मागे बसवून बाजाराला न्यायचं म्हणून त्याला सायकल हवी होती. त्यानं गुलाबचंदांच्या सायकलीवर हात ठेवला आणि शालीकराम सुरू झाला.

"चाक पाहा ना भाऊ, सुतात आहे! चेन नव्यासारखी. अन् सीट? राजाले बसवा असं चामडं आहे."

झामसिंग शालीकरामच्या खांद्यावरून मागे बघत होता. शालीकराम वळला. मागे निर्मलाबाई उभी होती, हातात पंप.

"हा घरीच राहिला होता," ती म्हणाली. "गाडीसोबतचा आहे, म्हणून आणला."

सगळं तिनं ऐकलं होतं. आता ही बाई चार लोकांत काय बोलेल, या विचारानं शालीकरामचे कान तापले.

झामसिंगनं विचारलं, "बाई, हे गाडी तुमची होती का जी? कसी आहे? बायकोले मागे बसवून बाजाराले न्यायचं आहे."

"माझ्या घरातली आहे," निर्मलाबाई म्हणाली. "भाऊ सांगतात ते खरं आहे. चाक सरळ आहे. पावसाळ्यातही कधी दगा दिला नाही. न्या तुम्ही."

तिनं पंप झामसिंगच्या हातात दिला, शालीकरामला नमस्कार केला आणि गेली. झामसिंग हसत हसत सायकल घेऊन गेला. शालीकराम मात्र चिंचेखाली मान खाली घालून बसून राहिला. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं उलट दोन ऐकवल्या असत्या. तिच्या त्या नमस्काराला उत्तर कुठून आणायचं?

त्या दिवसापासून त्यानं बाजारामागची गल्ली टाकली. कामासाठी जायचं झालं तरी लांबून वळसा घेई. पण बाई त्याला सोडेना. कधी कोणी मास्तर येई, कधी कोणी नर्सबाई, आणि म्हणे, "निर्मलाबाईनं पाठवलं." सेवकराम शिंपी तर तिळाचे लाडू घेऊन आला. "बाई म्हणते, शालीकरामच्या शब्दावर डोळे मिटून गाडी घ्या."

शालीकरामनं हातातला लाडू खाली ठेवला. "डोळे कायले मिटता?" तो एकदम म्हणाला. "हे मागचं टायर घासलं आहे. पुढच्या चाकाचा चिमटा एकदा जोडला आहे. हे नका घेऊ, ते दुसरी घ्या."

सेवकराम बघतच राहिला. ओसरीतून हे ऐकणारी शालीकरामची बायको सुशीलाबाई नंतर म्हणाली, "काऊन जी, ताप आला का तुमाले? आपल्याच मालाले नावं ठेवून राहिले!"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले कायले सांगता? जिचं आहे तिले सांगा ना."

दुसऱ्या सकाळी तो गेला. निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. शालीकराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाई, मी खोटं बोललो. गाडी चांगली होती. जे कमी दिलं ते आणलं आहे."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दर रविवारी ते पुसायला बसत, मी बघत नव्हते का?"

"मंग तेव्हा काऊन नाई बोलल्या?"

सुपातला हात थांबला. "रोज सकाळी उठलं की ती समोर दिसायची. चांगली आहे म्हटलं असतंत तर माझ्यानं देववली नसती. तुम्ही नावं ठेवत होतात, मला सोडायला सोपं जात होतं."

हे ऐकून शालीकरामला हलकं वाटायला हवं होतं. उलट तो आणखीच खजील झाला. आपल्या लबाडीचंही या बाईनं भलंच करून घेतलं होतं. त्यानं पैसे उंबऱ्यावर ठेवले. तिनं ते घेतले, पण मग विचारलं, "त्या भाऊची बायको आता बाजाराला जाते का?"

शालीकरामला ते माहीत नव्हतं. विकलेल्या सायकलीचं पुढं काय झालं, हे त्यानं आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

तो आगगाडीत बसून सालेकश्याला गेला, तिथून विचारत विचारत झामसिंगच्या पाड्यावर. झामसिंगला वाटलं, पाहुणाच आला. त्यानं खाट टाकली. मंगलीनं भात, कोचईची म्हणजे अळकुड्यांची भाजी वाढली. सायकलीवरून ती बाजाराला जाते, मोहफुलं स्वतः विकते, पहिल्या दिवशी घाबरून नवऱ्याचा सदरा कसा फाडला, हे तिनं हसून हसून सांगितलं. शालीकराम खाली बघून जेवत होता. झामसिंगनं विचारलं, "एवढ्या दूर काऊन आले जी?"

"एका बाईनं खुशाली पुसली होती," तो म्हणाला.

परत आल्यावर तो थेट निर्मलाबाईकडे गेला आणि फाटलेल्या सदऱ्याची गोष्ट तिला जशीच्या तशी सांगितली. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली, असं शेजारची बाई पुढं सांगत असे.