दोन छत्र्यांचा बिल्ला

आमचे हे आयुष्यात एकदाच उंचावरून खाली आले, आणि त्यांना तिथं चढवलं मी.

निजामाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई चालू होती. माझा धाकटा दीर रघुनाथ इंग्रजांच्या पलटणीत होता. छत्री बांधून विमानातून उडी मारायची, हे त्याचं काम. रजेवर आला तो उजव्या बाहीवर कापडी बिल्ला लावून. मध्ये पांढरी छत्री, दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख.

"पाच उड्या माराव्या लागतेत, वहिनी," तो म्हणाला. "विमानाच्या दारात पाय थिजले की बिल्ला न्हाई. सरळ माघारी."

उड्या त्यानं मारल्या, पण तरंगायला लागली त्याची बायको शेवंता. (विहिरीत डोकावलं तरी तिला चक्कर यायची.) तेही मी सोसलं. मग हसनाबादेला भाचीचं लग्न निघालं. नवरीला पहिली हळद लावायचा मान थोरल्या मामीचा, म्हणजे माझा. पण नणंदेच्या सासूनं निरोप धाडला, "पहिली हळद छत्रीवाल्याच्या बायकोनं लावावी."

माझा मान, आणि तो शेवंताला! आमचे हे माळवदावर चढायचे, तर शिडी धरायला दोन माणसं लागायची!

पण दोन भावांतला छत्रीवाला कोण, हे म्हातारीला कुठं ठाऊक होतं? तीन दुपारी बसून मी ह्यांच्या कोटाच्या बाहीवर तसाच बिल्ला भरला. थोरल्या भावाला धाकट्याइतकंच कसं शोभेल? म्हणून छत्र्या दोन काढल्या. पंख घारीएवढे.

"हे काय गं?" ह्यांनी विचारलं.

"बाहीला कसर लागल्ती. भोक झाकलंय."

लग्नाला रघुनाथ साध्या सदऱ्यात आला. म्हातारीनं ह्यांची बाही निरखली. "तुझा मालक का गं छत्रीवाला?"

मी खोटं बोलले नाही. नुसती मान हलवली. हळदीचं ताट माझ्या हातात आलं. शेवंताचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोटभर बघितलं.

तेवढ्यात वाऱ्यानं मांडवाचं कापड सुटलं आणि नवरीच्या डोक्यावर लोंबू लागलं.

"छत्रीवाल्याला चढवा जल्दी," म्हातारी म्हणाली. "त्याला काय भ्या?"

चौघांनी ह्यांना ढकलत शिडीवर चढवलं. वरच्या बांबूला ह्यांनी मिठी मारली, आणि संपलं. ना वर, ना खाली.

"कसर म्हणालीस ना तू?" हे वरून ओरडले.

रघुनाथ धावत आला. त्यानं चार माणसांना खाली जाजम धरायला लावलं. "दादा, सोड हात. मार उडी."

"न्हाई मारायचा मी!"

बांबूला मात्र दम नव्हता. तो कडाडला आणि हे जाजमात पडले. एक पाय तेवढा बाहेर.

रघुनाथनं ह्यांची बाही बघितली, मग माझ्याकडं. "दोन छत्र्या, वहिनी? म्हंजी पहिली उघडलीच न्हाई. असू दे, दादा, एक झाली. चार राह्यल्या."

सगळा मांडव हसला. शेवंता तर खांबाला धरून हसत होती. म्हातारीनं माझ्या हातातलं ताट हिसकून तिला दिलं. ओढाताणीत मूठभर हळद माझ्याच हातात राहिली.

तरी सांगते, त्या लग्नात पहिली हळद मीच लावली. शेवंता नवरीपर्यंत पोचायच्या आत, ह्यांच्या मुरगळलेल्या घोट्याला.