खंदकातली चक्कर

आमच्या शेजारची साएको सून म्हणून हिरोसाकीत आली, तेव्हा जेमतेम पंचविशीची होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, तरी ती सासूपाशीच राहिली. ही सासू, हात्सुआजी, चाकांच्या खुर्चीत. आठवणीही बऱ्याचशा पुसल्या गेलेल्या. साएको जरा नजरेआड झाली की त्या घर डोक्यावर घेत. त्यापायी तिनं सफरचंदांच्या गोदामातलं कामही सोडलं. नणंद सेंदाईहून फोनवर म्हणायची, "वहिनी, तुझ्याइतकं कोण करणार!" झालं, विषय तिथंच मिटायचा.

यंदा साकुराची फुलं ऐन भरात असताना आम्ही दोघी आजींना घेऊन किल्ल्याच्या बागेत गेलो. खंदकाच्या पाण्यावर पाकळ्यांचा थर साचला होता आणि त्यातून भाड्याच्या नावा वाट काढत होत्या. साएको कठड्याला टेकून बघतच राहिली.

"बसायचंय?" मी विचारलं.

"छे! यांना सोडून?"

"मी कुठं मेलेय? जा, एक चक्कर मारून ये."

गेली एकदाची. वल्ही मारायची सवय नाही, नाव आधी जागच्या जागी गोल फिरली. मग सरळ निघाली. तिची पाठ इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात आजींनी किंकाळी फोडली. "पकडा! माझी सून पळाली!"

मी डांगोची, तांदळाच्या गोड गोळ्यांची, काडी पुढं केली, ती त्यांनी भिरकावली. आजूबाजूला साके पीत बसलेली मंडळी खिदळायला लागली. एकजण ओरडला, "पळ गं सूनबाई, मागं बघू नकोस!"

साएकोची वल्ही थांबली. क्षणभर वाटलं, ऐकते त्याचं. पण खंदक तो, जाऊन जाणार कुठं? तिनं नाव वळवली.

धापा टाकत ती काठावर आली, तेव्हा आजी शांत झाल्या होत्या. तिच्या भिजलेल्या बाह्यांकडे बघत म्हणाल्या, "कोण गं तू? दमलेली दिसतेस. घरी जा बाई, तुझी माणसं वाट बघत असतील."

साएकोनं वाकून त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली. "हो आई, जाऊया."

आठवड्याभरानं मी पुन्हा विचारलं, "आजींजवळ बसते मी, फिरून येतेस?"

"नको," ती भांडी विसळत म्हणाली. "परत यायला फार जड जातं."