पानाची कडा

तायडे सर भर एप्रिलमध्ये दगडाला पाणी पाजायचे. मी तेव्हा देऊळघाटच्या शाळेत नववीत होते आणि सर आम्हाला विज्ञान शिकवत. एका रविवारी त्यांनी आम्हा सहा-सात जणांना बोथ्याच्या जंगलात नेलं. सागाची पानं गळून गेली होती, नाला कोरडा ठणठणीत. एका काळ्या दगडावर करपलेल्या भाकरीसारखा पापुद्रा धरला होता. सरांनी त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि समोर उकिडवे बसले. आम्हाला वाटलं, उन्हानं सरांचं डोकं फिरलं. पण थोड्याच वेळात तो पापुद्रा हिरवा होऊ लागला. चिमुकली पानं एकेक करून उलगडली.

"मेलं नाई हे," सर म्हणाले. "फक्त थांबून राह्यलं. याले मॉस म्हनतेत. लोकं सगळ्यालेच शेवाळ म्हनून मोकये होतेत."

त्यांच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग असायचं. ते डोळ्याला लावून सर दगडावर इतके वाकत, की नाकाला माती लागे. गावात त्यांना 'शेवाळे मास्तर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

बोथ्याच्या जंगलात कोणतं मॉस आणि कोणतं दगडफूल कुठं येतं, याची यादी करायचा ध्यास त्यांनी घेतला होता. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुस्तकं झेरॉक्स करून आणलेली, सूक्ष्मदर्शक कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून जुना घेतलेला. सापडलेला प्रत्येक नमुना वाळवून ते कागदाच्या पुडीत ठेवत, वर नाव, जागा आणि तारीख लिहीत. पुड्या चाचणीच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या असत. त्यामुळे दुर्मीळ मॉस उघडावं, तर आत कुणाचं तरी चुकलेलं गणित निघे.

काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, तक्रार वेगळी होती. "मसाल्याले दगडफूल मी बाजारातून इकत आनतो, अन् घरात डब्बेच्या डब्बे भरून हायेत. हात लावू देत नाई हा मानूस!" सर यावर नुसते हसत.

"नाव सांगाची घाई करू नोको," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "नाव सांगतलं का मानूस पाहनं सोडते." दुसरं एक वाक्य त्याहून कडक होतं. "माहीत नाई असं लिवाची ज्याले लाज वाटते, त्यानं या कामात पडूच नये." 'माहीत नाही' अशा चिठ्ठीच्या पुड्यांचा त्यांच्याकडे एक स्वतंत्र डबा होता आणि तोच सगळ्यात मोठा होता.

त्यांच्यामुळे मी वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पुढे बुलढाण्यात एका कॉलेजात शिकवायला लागले. सर तोवर निवृत्त झाले होते. यादी आता छापायची, असं आम्ही ठरवलं. दर रविवारी मी देऊळघाटला जायची, काही पुड्या घरी आणून तपासायची आणि यादी उतरवून काढायची.

फिसिडेन्स नावाचं एक मॉस नाल्याकाठच्या ओल्या मातीवर येतं. पिसासारखं, दोन ओळींत पानं. त्याच्या जाती ओळखायच्या तर पानाच्या कडेनं फिकट पेशींची रेघ आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. सरांच्या पुडीवर लिहिलं होतं : 'कडा आहे.' मी पाहिलं, कडा नव्हती. माझंच चुकलं असेल म्हणून दुसरं पान लावलं, तिसरं लावलं. मग दुसरी पुडी घेतली. तिथंही तेच. चुकलेल्या सगळ्या पुड्या गेल्या दोन पावसाळ्यांतल्या होत्या. त्याआधीची एकही चुकली नव्हती.

तेव्हा मला एकेक आठवू लागलं. सर हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे पाहत. चहाचा कप घेताना हात आधी बशीवर फिरे.

मी काही बोलले नाही. यादी उतरवताना चुकलेली नावं गुपचूप बदलत गेले. सहा महिने हे चाललं. मला वाटत होतं, मी त्यांचा मान राखतेय.

एका रविवारी सर म्हणाले, "वाच बरं यादी." मी वाचू लागले. दहा-बारा नावं झाली असतील.

"थांब. ते नाव मी नाई लिवलं."

त्यांना प्रत्येक पुडी पाठ होती.  

"किती बदलली?"

मी आकडा सांगितला.

"डोयाचा पडदा खराब झाला माह्या," सर म्हणाले. "जिथं पाहतो तिथंच डाग येते. आजूबाजूचं सगळं दिसते, पाहाचं तेवढंच दिसत नाई. हे मले समजते. पन तू काऊन नाई सांगतलं मले?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

"मंग आता काय बरं वाटून राह्यलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माह्या नावानं खोटं छापलं असतं, सुनंदा. अन् ते माह्याच नावाखाली खरं करून तू आनखी एक खोटं केलं."

पुढचे चार रविवार आम्ही त्या दोन पावसाळ्यांच्या सगळ्या पुड्या काढल्या. मी सूक्ष्मदर्शकात पाहून सांगायची आणि सर स्वतःच्या हातानं नाव खोडायचे. पेन कधी कागदाबाहेर जाई. शंका आली तरी खोडायचं. खरं नाव मी तिथं लिहू लागले, तर म्हणाले, "तू पाह्यलं तर तुह्या नावानं येगळं लिव. यादीत नोको."

शेवटी एक पुडी उरली. आपल्या भागात कुणालाच न मिळालेलं एक मॉस सापडलं, असं सर ज्याच्याबद्दल दोन वर्षं सांगत होते, ती. मी पान लावलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. सर वाट पाहत होते.

"साधंच निघालं का?"

"हाव सर."

त्यांनी ते नाव खोडलं आणि पेनला टोपण लावलं.

त्यानंतर सर जंगलात गेले नाहीत. ओसरीवर बसून राहत. मी गेले की बोलत, पण पुड्यांचं नाही. कांद्याचं रोप कसं आलंय, बसची वेळ काय झाली, असंच. त्याच हिवाळ्यात छातीत कफ धरला, बुलढाण्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं आणि तिथंच ते गेले.

तेरवी झाल्यावर काकू मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. डबे दाखवून म्हणाल्या, "हे तू घेऊन जाय." मी डबे उचलत होते आणि त्या सूक्ष्मदर्शकावरची धूळ पदरानं पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "शेवटी शेवटी मलेच पाहाले लावत. म्हनत, पानाले कडा दिसते का पाहय. मले काय समजते बाप्पा त्यातलं? पन दिसत नाई म्हनलं का तोंड उतरून जाय त्यायचं. मंग मी म्हनो, हाव, दिसते. लय खुश होत."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. त्या चार रविवारी काकू चहा घेऊन आल्या, की सर खोडलेली पुडी पालथी घालून ठेवत. ते का, हे मला तेव्हा कळलं. माझ्यापाशीही त्यांनी काकूंचं नाव काढलं नव्हतं. सगळं आपल्या डोळ्यांवर घेतलं होतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "माह्या तशा म्हनन्यानं काई बिघडलं तर नाई ना, सुनंदा?"

"नाही काकू," मी म्हणाले. "काहीच नाही बिघडलं."