काठावरच्या पेशी
काल दशहरी आंबा चिरला आणि त्याच्या वासाबरोबर लखनौच्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवली. बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, तोंडाने काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि शेजारच्या कॉटवर कुणीतरी मलिहाबादची दशहरी कापत होतं. आयुष्यभर रेल्वेत रुळांची कामं केलेले बाबा चिडून भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचं मन रमावं म्हणून मी जानकीपुरमच्या आमच्या लॅबमधली एक फिल्म मोबाइलवर लावली. बशीत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींच्या थरावर मी ओरखडा काढला होता, आणि काठावरच्या पेशी हळूहळू पसरत, सरकत तो झाकत होत्या. "या नवीन कुठून आल्या?" बाबांनी विचारलं. "नवीन नाहीत, शेजारच्याच आहेत. नव्या मागाहून तयार होतात." "म्हणजे गाड्या थांबवायच्या आणि आहे त्याच गँगने दुरुस्ती करायची. म्हणून माझं खाणं बंद," ते म्हणाले. मग पुन्हा फिल्मकडे बघत, "पण त्यांची ओढाताण होत असेल गं." "होते. पातळ होतात, पण एकमेकींना सोडत नाहीत." त्यांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली आणि संपल्यावर म्हणाले, "हे तुझ्या आईला दाखव." तिला धीर द्यायचा असेल, असं मला वाटलं. त्यांची जखम काही भरली नाही; ते हॉस्पिटलातून घरी आलेच नाहीत. तेव्हापासून जेवणाच्या बाकावरची त्यांची जागा आई रिकामीच ठेवायची. काल मी दशहरीची ताटली टेबलावर ठेवली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आजी, थोड़ा इधर खिसको ना." आई बाबांच्या जागेवर सरकली. मग मीही सरकले.