दोरीने बांधलेलं दुकान

मुआरा लुंगसीच्या बाजारात ला मादुपाचं दुकान आंधळ्यालाही सापडलं असतं. राळेचा, नव्या दोरखंडाचा आणि सुक्या मासळीचा वास एकदम नाकात शिरला की समजायचं, आलं. नदीच्या तोंडाशी खांबांवर उभं घर. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. तांदूळ, मीठ, रॉकेल, शिडाचं कापड, कॉफी, रेशमी लुंग्या, जे मागाल ते तिथे होतं. फक्त मिळायला वेळ लागे, कारण दुकानातली एकूण एक वस्तू दोरीने बांधलेली असे. बरण्या फळीला, फळी भिंतीला, तराजू खांबाला. कुणी साखर मागितली की मादुपा आधी गाठ सोडी, साखर देई, आणि गिऱ्हाईक कनवटीचे पैसे काढेपर्यंत पुन्हा गाठ मारून मोकळा होई.

"दाएंग, दुकान वादळात सापडलंय का?" माणसं विचारत. वडीलधाऱ्याला तिथे दाएंगच म्हणतात.

"अजून तरी नाही," मादुपा म्हणे आणि दोरीला आणखी एक वेढा देई.

मग एका वर्षी मोठ्या भरतीत नदी बाजारात शिरली. शेजाऱ्यांचे तेलाचे डबे मशिदीच्या पायरीपर्यंत पोहत गेले. मादुपाची एक बरणीसुद्धा जागची हलली नाही. हसणारेच मग गाठी शिकायला आले आणि त्याने हातचं काही न राखता शिकवल्या. पण हे सारं बांधायचं वेड त्याला कुठून लागलं, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, खलाशी माणूस, सवय जात नाही.

खलाशी तर तो होताच. बुगी या दर्यावर्दी जमातीतल्या बापाचा पोर. मिसरूड फुटण्याआधीच जहाजावर भात शिजवायला लागला आणि ऐन तारुण्यात सुकाणूवर बसला. वारा फिरला की सिंगापूर, पुन्हा फिरला की घर. स्वतःचं जहाज त्याने बांधायला घेतलं ते लग्न झालं त्याच वर्षी. सासरा जहाजं बांधणारा मोठा मिस्त्री. त्याची मुलगी ई रावे लाकडाच्या भुशात लोळतच वाढलेली.

जहाजाचा कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड, घालताना त्याची दोन्ही टोकं कापतात. बुंध्याची बाजू मागे, शेंड्याची पुढे. पुढचं टोक म्हणजे नवरा. तो जायचाच, म्हणून ते मालकाने समुद्रात भिरकावायचं. मागचं टोक म्हणजे बायको. ते घरी न्यायचं आणि तिने जपून ठेवायचं, म्हणजे गेलेला परत येतो. दोन्ही तुकडे पांढऱ्या फडक्यात गुंडाळून मालकाच्या हाती देतात. उजव्या हातात पुढचं, डाव्यात मागचं. जमिनीला टेकवायचं नाही, घरी पोचेपर्यंत उघडायचं नाही.

इतकं सोपं काम. पण त्या सकाळी मादुपा नवी कोरी रेशमी लुंगी नेसला होता, आणि रेशमाची गाठ धरत नाही. किनाऱ्यावर सगळी वस्ती जमलेली, पिवळ्या वस्त्रात रावे उभी, सासरा मंत्र पुटपुटतोय, आणि नवरदेवाची लुंगी कमरेवरून निसटायला लागली! दोन्ही तुकडे त्याने बगलेत मारले, लुंगी कशीबशी आवळली, तुकडे पुन्हा हातात घेतले आणि उजव्या हातातला भिरकावला. लोकांनी जयजयकार केला.

घरी आल्यावर त्याने फडकं सोडलं. हातात शेंड्याचं लाकूड होतं. बायकोला समुद्रात टाकून तो स्वतःलाच घरी घेऊन आला होता. सांगायचं कुणाला? सासऱ्याला सांगावं तर जहाज मोडा म्हणेल. त्याने फडकं पुन्हा गुंडाळलं आणि रावेच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, जरा वेळ मांडीवर ठेवलं आणि माळ्यावर तांदळाच्या कणगीशेजारी नेऊन ठेवलं.

त्यानंतर मादुपा सुखाने कधी घरी परतला नाही. नदीचं तोंड दिसलं की तो डोलकाठीवर चढे आणि आपल्या चुलीचा धूर शोधी. धूर दिसला की खाली उतरून खलाशांवर ओरडे, म्हणजे आपण कशासाठी चढलो होतो हे कुणाला कळू नये. एकदा धूर दिसला नाही. रावे तापाने फणफणून पडली होती आणि लहानगी लेक बाऊ तिच्या उशाशी बसून रडत होती. रावे उठली, पण त्याच आठवड्यात मादुपाने जहाज विकून टाकलं आणि नदीच्या तोंडाशी खांब रोवायला माणसं लावली.

लोकांनी आपापली कारणं शोधली. आगबोटींनी शिडाच्या पोटावर पाय दिला. डच साहेबाच्या परवान्यांना कंटाळला. बायकोच्या मुठीत गेला. मादुपा प्रत्येकाला "हो, हो" म्हणे. समुद्राची आठवण त्याला रोज येई, पहाटे वारा सुटला की जास्तच येई. मग तो उठून दुकानातल्या गाठी तपासत बसे.

दुकान चाललं. बाऊ मोठी झाली, तिचं पाबेता नावाच्या तरण्याबांड सुकाण्याशी लग्न झालं. जावयाला जहाज हवं होतं, सासऱ्यापाशी पैसा होता, म्हणून मालक तोच. लाकूड आलं, मिस्त्री आले. आणि तिथून पुढे मादुपाचं काहीतरी बिनसलं. आधी म्हणाला, लाकूड ओलं आहे. मग म्हणाला, चंद्र बरोबर नाही. मग म्हणाला, गुडघा दुखतोय, तुकडा दुसऱ्या कुणीतरी टाका.

बाऊ तणतणत दुकानात आली. बापाला ती अंबो म्हणे. "अंबो, खरं सांगा. तुम्हाला माझा नवरा पसंत नाही ना?"

"बाई गं, सोन्यासारखा आहे तो."

"मग गावभर शोभा कशाला? मालक जिवंत असताना दुसऱ्याने तुकडा टाकायचा? लोक म्हणतील, सासऱ्याने जावयाला अर्ध्यावर सोडलं."

"गुडघा..."

"गुडघ्याने टाकतात का?"

मादुपा तराजूची गाठ तपासू लागला. गुडघ्याचं निमित्त होतं. या वेळी चुकला असता, तर पाण्यात बाऊ गेली असती.

शेवटी दिवस ठरला. त्याने साधी सुती लुंगी नेसली आणि वरून जाड दोरी बांधली. रावेने ती दोरी पाहिली आणि पुढे चालू लागली. किनाऱ्यावर तीच गर्दी, तेच मंत्र. म्हातारा मिस्त्री पुआ साद्दाने करवत न थांबवता दोन्ही टोकं कापली, फडक्यात बांधली आणि हातात दिली. उजव्यात पुढचं, डाव्यात मागचं. मादुपा गुडघाभर पाण्यात गेला आणि उभाच राहिला. उजवा हात वर जाईना. मिस्त्रीने देतानाच चूक केली असेल तर? आपणच आत्ता हात बदलले असतील तर? समोर बाऊ हात जोडून उभी होती.

मादुपाने दाताने फडक्याची गाठ सोडली.

गर्दीतून एकदम कुजबुज उठली. पुआ साद्दा लालबुंद झाला. "दाएंग! चाळीस जहाजांचे कणे कापलेत मी. माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे," मादुपा म्हणाला. "माझ्यावर नाही. माझ्या जहाजाच्या वेळी मी उलटा तुकडा टाकला. बायकोचा टाकला. इतकी वर्षं कुणाला बोललो नाही. म्हणून समुद्र सोडला. आता काय म्हणायचं ते म्हणा."

सगळे रावेकडे वळले. आणि रावे, जी चारचौघांत कधी मोठ्याने बोलली नव्हती, ती पदर तोंडाशी धरून हसत होती.

"अहो बाऊचे अंबो, मी मिस्त्रीची मुलगी. बुंधा आणि शेंडा मला कळत नाही होय? फडक्यातूनसुद्धा कळला होता."

मादुपाच्या तोंडाचा आ वासला. "त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. मांडीवर घेतला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस? मी किती भ्यालो!"

"मीही भ्याले की. पहिलं वर्षभर पाण्याकडे बघवत नव्हतं. पण सगळ्या बायकांचे नवरे पाण्यात आणि माझा एकटीचा माळ्यावर. बोलले असते तर तुम्ही तोही पाण्यात टाकला असतात." तिने पाण्याकडे हात केला. "आता ते पोरीचं उरका. पाणी चढतंय."

मादुपाने उजव्या हातातलं लाकूड पाहिलं. शेंडाच होता. त्याने तो असा जोरात भिरकावला की खांदा दुखून आला. डावा तुकडा बाऊच्या ओंजळीत ठेवताना मात्र तो पोरासारखा रडला. पुआ साद्दाने रागारागाने विडा थुंकला आणि मग त्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर मादुपा सरळ माळ्यावर चढला आणि जुनं पांढरं, आता पिवळं पडलेलं फडकं घेऊन खाली आला. दुकानातून समुद्राकडे निघालेला पाहून रावे आडवी आली.

"कुठे?"

"जे तेव्हा करायचं होतं ते आज करतो. याची जागा पाण्यात आहे."

"पंचवीस वर्षं मी ज्याची धूळ झाडली, तो आता टाकून देता?" तिने गाठोडं हिसकावून घेतलं, गल्ल्यामागच्या मोठ्या खांबाशी धरलं आणि दुसरा हात पुढे केला. "दोरी द्या. नाहीतर नको, तुम्हीच बांधा. सुटणार नाही अशी गाठ मारा."

मादुपाने दोरी घेतली आणि बांधायला सुरुवात केली.