पाइपाखालचा शिलालेख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या गावच्या जुन्या देवळातल्या शिलालेखाचा खालचा तुकडा माझ्या शेतात आहे.

दहा-बारा वर्षांमागं दुष्काळात देवळामागचा तलाव कोरडा ठणठणीत पडला, तेव्हा गावानं जेसीबी लावून गाळ उपसला. ज्याच्या रानात गाळ पडेल त्याचं रान सुधारणार, म्हणून पाळ्या लागल्या होत्या. माझ्या पाळीला जेसीबीचा दात खटकन दगडावर बसला. परळीहून आलेला चालक खाली उतरला.

"दादा, लिव्हलंय बगा कायतरी. गुरुजींना बोलवू का?"

"कावून? सरकारी लोक येतील अन् गाळ बंद व्हईल. टाक ट्रॉलीत."

"देवाचं असलं म्हंजी?"

"देव काय माझ्या रानात येत न्हाई का बे?"

तो हसला. मीही हसलो.

बोअरचं पाणी पाइपातून पडतं तिथं खड्डा पडू नये म्हणून आमच्याकडे सगळेच एखादा सपाट दगड ठेवतात. मी तोच ठेवला, अक्षरं वर करून. सपाट बाजू तेवढीच होती.

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतले, आता निवृत्त. देवळातला वरचा तुकडा त्यांनी वहीत उतरवून घेतलाय. लेख जिथं तुटतो तिथून पुढं दोन पानं कोरी सोडलीत. "बाकीचा तळ्यात असंल," असं म्हणायचे. मी मान हलवायचो.

गेल्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. तळ्याचा बांध फुटला, देवळाचा पाया उघडा पडला. गुरुजी चिखलात काठीनं एकेक दगड चाचपत होते. एका डोळ्यानं आता दिसतच नाही त्यांना.

"तू तर गाळ नेलतास. काही दिसलं न्हाई?"

"न्हाई, गुरुजी."

तसाच शेतात गेलो. मोटार बंद केली, शेवाळ नखानं खरडलं. मधल्या ओळी गुळगुळीत झाल्यात, बोटालाही लागत नाहीत. कडेच्या चार तेवढ्या शाबूत आहेत. दगड कोरड्यात ओढून पोत्यानं झाकला. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा पोतं उचलून बघतो अन् परत झाकतो. गुरुजींच्या दारावरून जायचं टाळतो, लांबच्या रस्त्यानं येतो. पुराला दोष देता येत नाही. ते पाणी माझंच होतं.

त्यांचा दुसरा डोळा आहे तोवर तो दगड त्यांच्यापुढं ठेवायचा आहे, आणि खोटं बोललो हे सांगायचं आहे. अजून दोन्ही राहिलंय.