बाकी तू बघ

देवीची ओटी बायकांनी भरायची, एवढं मला कळतं. पण त्या मंगळवारी बायको पोट धरून कर्वेनगरच्या घरी पडली होती, आणि नवस माझा होता. तोही तिला न विचारता बोललेला. म्हणून खण-नारळाचं ताट घेऊन टेकडीवरच्या देवळात बायकांच्या रांगेत मीच उभा राहिलो, आणि नारळाची शेंडी धरली स्वतःकडे.

"अहो, शेंडी देवीकडे," मागच्या बाई म्हणाल्या. "ओटी तिची भरताय की तुमची?"

साठीच्या असतील. मिसेस का नाही आल्या, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, पोट दुखतंय, दर महिन्याला दुखतं.

"आणि मागताय काय?"

"मूल. अकरा वर्षं झाली लग्नाला."

"दुखतंय तिला, आणि तुम्हाला हवंय मूल. छान!" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या लेकीलाही सगळे सांगायचे, पाळीत दुखायचंच. एंडोमेट्रिऑसिस निघालं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा."

गाभाऱ्यासमोर पोचलो, पण पाठ केलेलं मागणं तोंडातून निघेना. मुलासाठी आम्ही किती दवाखाने हिंडलो! "पाळीत फार दुखतं का?" हे प्रत्येक ठिकाणी तिला विचारलं जायचं आणि उत्तर मी द्यायचो, "नेहमीसारखंच." ज्याचं पोट उभ्या जन्मात मिसळ खाऊनच काय ते दुखलं, तो मी! हात जोडून एवढंच म्हणालो, "तिला बरं वाटू दे. बाकी तू बघ."

घरी येऊन तिला विचारलं, नक्की कुठे दुखतं? "प्रसादात काय होतं आज?" ती म्हणाली. मग मात्र तासभर बोलत राहिली. अकरा वर्षांचं साचलेलं होतं.

या वेळी डॉक्टरांसमोर मी गप्प बसलो. तपासण्या झाल्या, आणि त्या बाई म्हणाल्या होत्या तेच निघालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, दर महिन्याला तिथे दाह होतो, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. मूल न होण्यामागे तो दाहही असू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. परवाच्या पाळीत ती अंथरुणाला खिळली नाही, उलट माझ्या चहाला नावं ठेवत ओट्याशी उभी होती. मी डोळे पुसायला गॅलरीत गेलो.

मूल अजून नाही. होईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. कोण होत्या याचा काथ्याकूट मी करत नाही, नमस्कार करतो. शरण जाणं म्हणजे मोठी गोष्ट असेल. मला आधी दुसऱ्याच्या वतीने बोलणं तेवढं सोडावं लागलं.

काल देवळात निघालो. म्हटलं, तुला बरं वाटतंय, देवीला सांगून येतो.

"थांबा," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "माझं मी सांगेन."